प्लस, मायनस आणि भाग दोन

नंदकिशोर पंडितांनी डीव्हीडी रायटर घ्यायचं ठरवलं, ही बातमी जयपूरच्या मराठी मंडळात पसरायला दीड दिवस लागला. त्यांनी ती एकाच माणसाला सांगितली होती, तीही फोनवर, आणि "कुणाला बोलू नका" असं बजावून. पण तो माणूस दशरथ वानखडे होता. दशरथराव तीस वर्षं मालगाडीचे गार्ड होते. सगळी नोकरी शेवटच्या डब्यात एकट्याने बसून काढल्यामुळे निवृत्तीनंतर त्यांना गप्प बसणं जमत नसे.

ठरवायचं कारण साधं होतं. हैदराबादहून मुलाचा, संकेतचा, फोन आला होता.

"बाबा, एप्रिलमध्ये मी तुम्हाला न्यायला येतोय. सामान कमी करा. आणि आईच्या त्या सीड्यांचं काय ते बघून टाका. कबाडीवाल्याला दिल्या तरी चालतील. आता सगळं इंटरनेटवर मिळतं."

"सगळं म्हणजे काय काय?" पंडितांनी विचारलं.

"सगळं म्हणजे सगळं, बाबा."

"यादी पाठव," पंडित म्हणाले आणि फोन ठेवला.

पंडित विमा कंपनीत होते. नोकरीची शेवटची सत्तावीस वर्षं क्लेम विभागात गेली. 'सगळं' हा शब्द त्यांनी कधी कुठल्या अर्जावर चालवून घेतला नव्हता.

त्या सीड्या म्हणजे रत्नमालाबाईंचा संग्रह. एकशे त्रेचाळीस मराठी सिनेमे आणि नाटकं, बहुतेक दोन-दोन सीड्यांची. साड्यांच्या कपाटाचे खालचे दोन कप्पे त्यांनी व्यापले होते, आणि साड्या पलंगाखालच्या ट्रंकेत गेल्या होत्या. दर मे महिन्यात नाशिकला गेलं की परतताना एक पिशवी नव्या सीड्यांची असायची. जयपूरच्या वैशालीनगरात, जिथे ते राहत, मराठी ऐकायची तर एकतर नवऱ्याशी बोलायचं किंवा सीडी लावायची. नवरा फारसा बोलत नसे. बाई त्या सीड्या मंडळातल्या लोकांनाही द्यायच्या. लोक पहिली परत आणायचे आणि दुसरी विसरायचे, म्हणून त्यांनी प्रत्येक सीडीवर एक पट्टी डिंकाने चिकटवली होती. "पंडित. भाग २. परत आणून देणे." पट्ट्यांसाठी पंडितांच्या ऑफिसातले खराब झालेले क्लेम फॉर्म कापले होते. सरकारी कागद जाड असतो.

रत्नमालाबाईंना जाऊन चार महिने झाले होते.

त्याआधीच्या एका रविवारी दोघांनी एक विनोदी सिनेमा लावला होता. त्यात एक माणूस चुकून भलत्याच घरी पाहुणा म्हणून जाऊन राहतो. घरची माणसं त्याला जेवायला घालतात, त्याचं लग्न ठरवायला निघतात, आणि नेमक्या मध्यंतराला खऱ्या पाहुण्याची तार येते. पहिली सीडी तिथे संपली. "दुसरी उद्या बघू," बाई म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी हॉस्पिटल आलं. नंतर पंडितांनी दुसरी सीडी लावली नाही. बघायची छाती झाली नाही आणि फेकायची तर त्याहून नाही.

जानेवारीत त्यांनी कपाट उघडून सगळ्या सीड्या तपासल्या, तेव्हा अकरा सिनेमे गेलेले निघाले. जयपूरची धूळ आणि उन्हाळा. बर्फीवरचा वर्ख उचलावा तसा वरचा चंदेरी थर निघत होता. त्या विनोदी सिनेमाच्या भाग दोनच्या कडेलाही मोहरीएवढा एक ठिपका पडला होता. ठिपका आज मोहरीएवढा आहे, पण मे महिन्यानंतर त्याचं काय होईल हे पंडितांना समजलं. आधी ही सीडी डीव्हीडीवर घ्यायची आणि मग बाकीच्या. बघायचं नंतर बघू. जपून तरी राहील.

इथवर सगळं सरळ होतं. मग सल्ले सुरू झाले.

खालच्या मजल्यावरचे नीरज माथुर बँकेत होते आणि घरी कॉम्प्युटर असल्यामुळे जाणकार होते. त्यांनी जिन्यातच सांगितलं, "अंकलजी, डिस्क दो तरह की आती है. प्लस और माइनस. आप प्लस वाला राइटर लेना. माइनस तो लेना ही मत."

"क्यों?"

"माइनस में क्या है अंकलजी, कि वो माइनस है."

दशरथरावांचं मत उलट होतं. "मायनस घ्या साहेब. मायनस जुनं हाय, टिकते. प्लस-बिस ही फॅशन हाय. दोन वर्षांनी कोणी इचारणार नाई."

"तुम्हाला कुणी सांगितलं?"

"माह्या साडूच्या पोराकडे मायनस हाय. आजवर तक्रार नाई."

"त्याने किती डीव्हीड्या केल्या?"

"अजून केल्या नाईत."

मंडळाच्या संक्रांतीच्या कार्यक्रमात प्रकरण चिघळलं. तिळगूळ हातात घेऊन लोक प्लसवाले आणि मायनसवाले असे दोन बाजूंना बसले. गणपती शाडूचा की प्लॅस्टरचा यावरून झालेल्या भांडणानंतर मंडळात एवढी फूट पडली नव्हती. आयुष्यात कॉम्प्युटरला हात न लावलेले लोक सर्वांत ठाम होते. मंडळाच्या चिटणीस वासंतीताई मध्ये पडल्या आणि गोड आवाजात म्हणाल्या, "भावजी, एवढा व्याप कशाला? सगळ्या सीड्या मंडळाला देऊन टाका. आम्ही कपाटावर रत्नमालावहिनींच्या नावाची पाटी लावू."

"पाटी कशाला?" पंडित म्हणाले. "कपाट माझ्याकडे आहे."

वासंतीताईंना राग आला. पुढच्या दोन कार्यक्रमांचा निरोप पंडितांना आला नाही. तिसऱ्याचा आला, कारण वर्गणी गोळा करायची होती.

पंडितांनी फुलस्केप कागदावर तक्ता केला. रायटरचा प्रकार, प्लस की मायनस, वेग, आत बसणारा की बाहेर ठेवायचा, आणि शेवटचा रकाना 'सल्ला देणाराची विश्वासार्हता'. या रकान्यात कोणालाही पास होता आलं नाही. तीन आठवडे तक्ता भरत होता. संकेतने फोनवर ऐकून घेतलं आणि तो म्हणाला, "बाबा, कुठलाही घ्या. सगळे सारखेच असतात." तक्त्यात संकेतच्या नावापुढे पंडितांनी रेघ मारली.

शेवटी ते दशरथरावांना घेऊन एम. आय. रोडमागच्या कॉम्प्युटर बाजारात गेले. दुकानदाराने तक्ता आदराने हातात घेतला, चष्मा लावून वाचला आणि परत दिला.

"साहब, अब जो आता है ना, वो दोनों करता है. प्लस भी, माइनस भी."

"दोनों?"

"डेढ़ साल से यही आ रहा है."

दशरथराव छताच्या पंख्याकडे बघू लागले. पंडितांनी तक्त्याची घडी केली. त्यांना आनंद व्हायला हवा होता, पण झाला नाही. तीन आठवडे ज्या प्रश्नावर माणसांनी एकमेकांशी अबोला धरला, तो प्रश्न दीड वर्षापूर्वीच मिटला होता आणि कोणी कळवलंसुद्धा नव्हतं.

"बिल किस नाम से बनाऊँ?"

"श्रीमती रत्नमाला पंडित," पंडित म्हणाले.

त्यात विचार करण्यासारखं काही नव्हतं. लग्न झाल्यापासून घरातली प्रत्येक वस्तू त्यांनी बायकोच्या नावावर घेतली होती. गॅस, फोन, फ्रिज, फ्लॅट, शिलाई मशीन, आणि स्वतःची स्कूटरसुद्धा. विम्यातल्या माणसाला एक गोष्ट पक्की माहीत असते की आधी पुरुष जातो आणि मागे बाई कचेऱ्यांच्या खेपा घालते. त्या खेपा रत्नमालाबाईंना पडू नयेत अशी पंडितांनी चोख व्यवस्था केली होती. व्यवस्थेत चूक एकच निघाली.

दशरथरावांनी बिलाकडे बघितलं, पंडितांकडे बघितलं, आणि त्या दिवशी घरी पोचेपर्यंत ते हवेबद्दल बोलले.

रायटर नीरजने बसवला. जुना ड्राइव्ह काढला, नवा लावला, पट्टीसारखी वायर जोडली. कॉम्प्युटर सुरू झाल्यावर सीडी ठेवायचं तबक आत-बाहेर केलं. पंडितांनी ते स्वतः सहा वेळा करून पाहिलं. मग हात धुऊन, पुसून, भाग दोनची सीडी तबकात ठेवली.

सीडी फिरायला लागली. आधी गुणगुण झाली, मग घरघर, मग जात्यात खडा यावा तसा आवाज आला, आणि सगळं थांबलं.

बटण दाबलं. तबक बाहेर येईना. कॉम्प्युटर बंद करून चालू केला, तरी येईना. नीरज म्हणाला, "घबराइए मत अंकलजी, इसमें एक छेद होता है, पिन डालो तो खुल जाता है." माथुरवहिनींच्या साडीची पिन आली. पिन आत गेली, तबक नखभर पुढे आलं आणि अडलं. पिन वाकली. दुसरी पिन आली. तीही वाकली. वहिनींनी खालून विचारलं की आज त्यांनी साडी नेसायची आहे की नाही.

"वारंटी है ना?" नीरज म्हणाला. "सर्विस सेंटर ले जाइए. नया पीस दे देंगे."

"नया पीस नहीं चाहिए," पंडित म्हणाले. "अंदर वाली सीडी चाहिए."

सर्व्हिस सेंटर सिविल लाइन्सच्या रेल्वे फाटकापलीकडे होतं. पंडित रायटर टॉवेलात गुंडाळून, वर पिशवीत घालून गेले. सोबत दशरथराव होतेच. काउंटरवर एक चाळिशीच्या बाई होत्या. त्यांनी बिल पाहिलं.

"सर, बिल तो रत्नमालाजी के नाम है. उन्हीं को आना पड़ेगा. या उनका साइन किया हुआ लेटर."

"वो नहीं आ सकतीं."

"कोई बात नहीं. फोन पर बात करा दीजिए, मैं नोट कर लूँगी."

"फोन पर भी नहीं."

"बाहर गई हैं?"

पंडितांनी क्षणभर विचार केला. "हाँ."

"कब तक लौटेंगी?"

मग सांगावं लागलं. बाईंचा चेहरा खरोखर उतरला. त्या उठल्या, पंडितांना खुर्ची दिली, आतून पाण्याचा ग्लास आणवला. पंडितांनी दोन घोट घेईपर्यंत त्या थांबल्या आणि मग हळू आवाजात म्हणाल्या, "सर, ऐसे केस में फिर डेथ सर्टिफिकेट लगेगा. अटेस्टेड कॉपी. और एक एप्लिकेशन कि आप उनके पति हैं."

पंडितांनी ग्लास खाली ठेवला.

हीच खुर्ची, हाच ग्लास. क्लेम विभागात सत्तावीस वर्षं त्यांनी हेच केलं होतं. आधी खुर्ची, मग पाणी, मग हळू आवाज, मग कागद. इतर टेबलांवरचे लोक पाणीही विचारत नसत, म्हणून पंडित स्वतःला दयाळू समजत आले होते. ते पाणी घशाखाली कसं उतरतं हे त्यांना आज कळलं.

"और जो सीडी अंदर है?" त्यांनी विचारलं.

"सर, पुराना पीस दिल्ली जाता है. उसमें जो रह गया वो रह गया. नया पीस पंद्रह दिन में."

मृत्यूचा दाखला पंडितांच्या पिशवीतच होता. नगरनिगमातून आणल्यावर त्यांनी दहा प्रती काढून साक्षांकित करून घेतल्या होत्या, कारण किती लागतात हे त्यांच्याइतकं कोणाला माहीत होतं? दहाच्या दहा कोऱ्या करकरीत होत्या. गॅसचं कार्ड, फोन, लाइटचं बिल, फ्लॅट, सगळं अजून रत्नमालाबाईंच्या नावावर होतं. फ्लॅटचे कागद करा म्हणून संकेत चार महिने मागे लागला होता. "तीस दिवसांत सगळी नावं बदलून घ्या, नंतर त्रास होतो," असं पंडितांनी शेकडो बायकांना सांगितलं होतं. स्वतः एकही बदललं नव्हतं.

दशरथरावांनी कोपराने ढोसलं. "द्या ना साहेब. पिशवीत हाय तुमच्या."

"आहे," पंडित म्हणाले. "द्यायचा नाहीये."

ते उठले, काउंटरवरचा रायटर उचलला आणि पुन्हा टॉवेलात गुंडाळायला लागले.

"मैडम, आपने पानी पिलाया, शुक्रिया. लेकिन यह डीवीडी राइटर है. मैंने गैस के लिए वो कागज नहीं दिया, मकान के लिए नहीं दिया. इसके लिए देने का सवाल ही नहीं."

"सर, वारंटी चली जाएगी."

"जाने दीजिए," पंडित म्हणाले. टॉवेलाची गाठ मात्र त्यांच्याकडून दोनदा सुटली.

परतताना फाटक बंद होतं. ऑटोत बसून दशरथरावांनी बराच वेळ धीर धरला, म्हणजे साधारण अर्धा मिनिट.

"साहेब, एक झेरॉक्स तर होती."

"एकच नसते, दशरथराव. आज हिला दिली की उद्या गॅसवाल्याला, परवा फोनवाल्याला. प्रत्येक जण पाणी पाजणार आणि तिचं नाव खोडणार. शेवटी लाइटचं बिलसुद्धा माझ्या नावावर येणार. मला नको माझ्या नावावर बिल."

मालगाडी आली, दशरथराव डबे मोजायला लागले. शेवटचा डबा गेल्यावर म्हणाले, "मंग काय करायचं?"

"फोडायचा."

"वारंटीचं स्टिकर हाय त्यावर. फाटलं की संपलं."

"तुमच्याकडे स्क्रू ड्रायव्हर आहे का नाही, तेवढं सांगा."

खातीपुऱ्यातल्या दशरथरावांच्या घरी स्क्रू ड्रायव्हर होते, पाना होता, आणि रेल्वेचा म्हणून एक हातोडाही होता. तो पंडितांनी आधी दुसऱ्या खोलीत नेऊन ठेवला. ओट्यावर वर्तमानपत्र अंथरलं. स्टिकरवर लाल अक्षरांत फाडू नये असं लिहिलं होतं. पंडितांनी आयुष्यात अशी सूचना मोडली नव्हती. त्यांनी नख घातलं आणि एका झटक्यात टर्रकन फाडलं.

"बाप्पा!" दशरथराव म्हणाले. त्यांच्या आवाजात कौतुक होतं.

चार स्क्रू निघाले, मग आणखी तीन. झाकण उघडलं तेव्हा कारण दिसलं. रत्नमालाबाईंची पट्टी. चार वर्षांच्या उन्हाळ्यांनी डिंक सुकला होता, सीडी जोरात फिरताच पट्टी सुटली आणि गुंडाळी होऊन तबकाच्या खाचेत बसली. दिल्लीच काय, थेट कारखान्यात नेला असता तरी चूक गिऱ्हाइकाची ठरली असती. दशरथरावांनी चिमट्याने पट्टी बाहेर काढली आणि उलटी करून उजेडात धरली.

"याच्यावर काही छापलंय. 'कृपया स्पष्ट अक्षरों में भरें.'"

"आमचाच फॉर्म आहे," पंडित म्हणाले. "कागद जाड असतो."

सीडी निघाली. मोहरीएवढा ठिपका होता तसाच होता, शेजारी एक बारीक ओरखडा नवा. पंडितांनी ती सदऱ्याच्या खिशातल्या रुमालात ठेवली. रायटर पुन्हा जुळवला तेव्हा तीन स्क्रू शिल्लक राहिले आणि तबक उघडलं ते मिटेना. दशरथरावांनी हातोडा विचारला. पंडित नको म्हणाले. रायटर गेला होता.

"दुसरा घेऊ," पंडित म्हणाले. "प्लस-मायनस दोन्ही करतो तो. सगळ्या पट्ट्या आधी काढून घ्याव्या लागतील. एकशे बत्तीस सिनेमे आहेत. आणि सगळ्या पट्ट्या जपून ठेवायच्या."

"पन ही? ही तर कधीबी जाईल आता. ओरखडा पडला."

पंडितांनी रुमाल उघडून सीडी पाहिली. "ही आज बघायची," ते म्हणाले.

दोघं वैशालीनगरात आले. पंडितांनी टीव्हीखालच्या प्लेअरमध्ये सीडी घातली आणि दशरथरावांना, ज्यांनी पहिली बघितली नव्हती, थोडक्यात गोष्ट सांगितली. थोडक्यात सांगायला वीस मिनिटं लागली. तेवढ्यात संकेतचा फोन आला.

"बाबा, फ्लॅटच्या कागदांचं काय झालं? एप्रिल आला."

"एप्रिलमध्ये मला जमणार नाही."

"म्हणजे?"

"एकशे बत्तीस सिनेमे राहिलेत. रायटर मोडलाय. कागद मी केलेले नाहीत आणि इतक्यात करणार नाही. ये तू एप्रिलमध्ये, आंबे घेऊन ये, आठ दिवस राहा. मला न्यायला येऊ नकोस."

"बाबा, तुम्ही हट्ट करताय."

"हो," पंडित म्हणाले. "स्पष्ट अक्षरांत लिहून घे. हट्ट करतोय." आणि त्यांनी फोन ठेवला. मग परत उचलून बाजूला काढून ठेवला.

सिनेमा सुरू झाला. तार घरमालकाच्या हातात आली. घरमालकाने चष्मा शोधला, चष्मा कपाळावरच होता, दशरथराव मोठ्याने हसले, पंडितही हसले आणि हसल्यावर त्यांना जरा दचकल्यासारखं झालं. घरमालकाने तार डोळ्यांजवळ नेली, तोंड उघडलं, आणि चित्र अडकलं. अर्धा चेहरा चौकोनांचा झाला. आवाज बंद पडला.

दशरथरावांनी रिमोट उचलला. "पुढं ढकलू?"

"नाही."

"थोडंसंच. दोन मिनटाचं जाईल फक्त."

"दोन मिनिटंसुद्धा जायची नाहीत. ठेवा तो रिमोट."

दोघं बसून राहिले. पडद्यावर घरमालक तोंड उघडून बसला. प्लेअर आत टकटक करत होता.

"किती वेळ बसायचं असं?"

"हलेपर्यंत."

दशरथरावांनी पाय वर घेऊन मांडी घातली. "मंग च्या तरी टाका."

पंडित स्वयंपाकघरात गेले, आधण ठेवलं, आलं ठेचलं, शेजारी दूध तापत ठेवलं. साखरेचा डबा कुठे ठेवतात हे त्यांना अजूनही दोन फडताळं उघडल्याशिवाय सापडत नसे. दुसरं उघडलं तेवढ्यात बाहेरून संगीताचा तुकडा ऐकू आला, आणि पाठोपाठ दशरथरावांची आरोळी.

"हललं! साहेब, हललं! वाचतोय तो तार!"

"थांबवा!" पंडित डबा हातात घेऊन ओरडले. मागे दूध उतू जायला लागलं होतं, त्याच्याकडे न बघता ते बाहेर धावले. "थांबवा ते, दशरथराव! मी आल्याशिवाय एक अक्षर वाचू देऊ नका त्याला!"